केमो-रेडिएशनच्या थकव्यात दिवस कसा काढायचा आणि मन कसं सांभाळायचं

केमो किंवा रेडिएशन सुरू असताना येणारा थकवा रात्रभर झोपूनही जात नाही. आंघोळ करून आलं की पुन्हा पलंगावर टेकावं लागतं. घरचे मायेने म्हणतात, "तुम्ही नुसते पडून राहा." बिघडतं ते इथेच. दिवसभर पडून राहिलं की स्नायू झपाट्याने उतरतात, रात्रीची झोप उडते आणि कालच्याच कामाला आज जास्त जोर लागतो.

सुरुवात वहीपासून करा. रोज संध्याकाळी थकव्याला 0 ते 10 मधला आकडा द्या. 0 म्हणजे थकवा नाही, 10 म्हणजे उठवतच नाही. बाजूला झोपेचे तास लिहा. केमोचा थकवा बहुधा डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त असतो, मग उतरतो. रेडिएशनचा मात्र आठवड्यागणिक साचतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतो. केमोच्या दोन फेऱ्यांची (सायकलची) नोंद झाली की आपले बरे दिवस कोणते ते कळतं. बँकेचं काम, जवळचं लग्न त्या दिवसांवर ठेवा. गोंदिया-गडचिरोलीहून नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला येणाऱ्यांचा प्रवासातच जीव जातो, म्हणून प्रवासाच्या आदला आणि नंतरचा दिवस मोकळा हवा.

आकडा 4 किंवा त्याहून वर राहत असेल तर ओपीडीत "थोडी कमजोरी आहे" म्हणून उठू नका, वही डॉक्टरांपुढे ठेवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, न थांबणारं दुखणं, अपुरं जेवण, झोप, यातलं बरंच काही दुरुस्त होतं. विदर्भात खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉईड काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही मंदावते आणि माणूस "उपचार संपले तरी अंगात त्राण नाही" म्हणत बसतो. दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. केमोमधला ॲनिमिया दर वेळी लोहाच्या कमतरतेचा नसतो. केमोसोबत डेक्सामेथासोन (स्टिरॉइडची गोळी) असेल तर त्या दिवसांत झोप येत नाही आणि गोळ्या थांबल्या की माणूस एकदम गळतो. ती सकाळी घेता येईल का, हे विचारा.

आता चालणं. थकव्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. 5 मिनिटं, दिवसातून दोनदा, इतकंच. जमलं तर दर तीन-चार दिवसांनी 1-2 मिनिटं वाढवा. हळूहळू 20-30 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस इथवर या. चालताना बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी वहीतला आकडा 2 ने चढला तर मागच्या टप्प्यावर परता. बहुतेकांचं चुकतं ते बऱ्या दिवशी: सगळं घर आवरायला घेतात आणि पुढचे तीन दिवस उठत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आसपास किंवा घरातल्या घरात चाला. प्लेटलेट कमी असतील किंवा आजार हाडांत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

कूलरसमोर दुपारी दोन-दोन तास झोप लागते. अलार्म लावा, अर्धा तास, तोही तीनच्या आत. तोंड आलं असेल तर मऊ वरण-भात, पातळ आंबील, उकडलेलं अंडं, थोडं थोडं पाच-सहा वेळा. संत्रं अशा वेळी झोंबतं.

मनाचं वेगळं बघावं लागतं. नुसता थकवा असेल तर नातवंडं आलेली हवी असतात, फक्त फार वेळ बसवत नाही. नैराश्यात ती आली काय, न आली काय, सारखंच. असं किंवा सततची उदासी दोन आठवडे टिकली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना सगळ्या औषधांची यादी न्या, कारण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असताना पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्याच्या गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात.

"आई, हिंमत ठेव, रडू नको" हे ऐकून आई रडायचं लपवते, बाकी काही होत नाही. "आई, आज कसं वाटतंय? मी बसू का जवळ?" असं विचारा आणि मग गप्प बसा. भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळचा अर्धा तास ठरवून द्या. हे सांगायचं काम पेशंटवर टाकू नका.

"आता जगून काय करू" असं बोलणं निघालं तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. त्यांना एकटं सोडू नका, दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्या आपल्या ताब्यात घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेने, मुलाने स्वतःसाठीही तिथे फोन करावा.