सँतियागो नेमकं कोणतं? आरक्षण सिस्टिममध्ये कोड शोधताना

तिकीट आरक्षणाच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी फोनवर एका बाईंनी विचारलं, "माद्रिदमार्गे सँतियागोचं तिकीट मिळेल का?" मी लगेच एससीएल टाइप केलं. एससीएल म्हणजे चिलीची राजधानी. वेळा वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "माद्रिदच्या पुढे साधारण तेरा तास." पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "अहो, मला तर तासाभराचं विमान आहे असं सांगितलंय. माझी बहीण तिथवर पायी यात्रा करत येणार आहे, तिला भेटायचंय." त्यांचं सँतियागो स्पेनमधलं, सँतियागो दे कोम्पोस्तेला. कोड एससीक्यू.

तिकीट काढलेलं नव्हतं म्हणून निभावलं. पण त्या दिवसानंतर मी एकही कोड निव्वळ आठवणीवर टाकलेला नाही. नवीन मुलं शिकायला आली की सर्वांत आधी हेच शिकवते: नावावरून कोड काढायचा, म्हणजे एन्कोड, आणि मग तोच कोड उलटा वाचून पाहायचा, म्हणजे डीकोड. दोन एंट्र्या, दहा सेकंद.

अमेडिअस या आरक्षण सिस्टिमवर ते असं करतात. (कोड मी इथे देवनागरीत लिहिते आहे, कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरं.) गावाचं नाव माहीत आहे, कोड नाही, तर डीएएन आणि पुढे नाव. डीएएन सँतियागो मारून बघा. एकच ओळ येईल अशी अपेक्षा असते आणि समोर अख्खी यादी उभी राहते. चिलीचं एससीएल, स्पेनचं एससीक्यू, क्यूबातलं सँतियागो दे कुबा एससीयू, डोमिनिकन रिपब्लिकमधलं एसटीआय. यादी पुढच्या पानावर गेली असेल तर एमडी मारून खाली जा. घाईत लोक पहिल्या पानावरची पहिली ओळ उचलतात, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. आधी देशाचा कोड वाचा, मग गावाचं नाव. मी तर अजूनही स्क्रीनवर बोट ठेवून वाचते.

ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर दिसतं. सी म्हणजे शहर, ए म्हणजे विमानतळ, आर म्हणजे रेल्वे स्टेशन, बी म्हणजे बसस्थानक, एच म्हणजे हेलिपोर्ट. विमानतळाच्या पुढे शहरापासूनचं अंतरही असतं, तेही वाचायचं. पॅरिसच्या यादीत बोव्हेचा विमानतळही येतो, पण तो शहरापासून ६० किलोमीटरांहून लांब आहे. प्रवाशाला हे बुकिंगच्या आधी कळलं पाहिजे, उतरल्यावर नाही.

कोड हातात आला की डीएसी आणि पुढे तो कोड. डीएसी एससीक्यू मारलं की गाव, देश सगळं समोर येतं. (डीएसी हा ढाक्याचाही कोड आहे. त्यामुळे ढाका तपासताना डीएसी डीएसी असं दोनदा येतं. ते बरोबरच आहे, घाबरू नका.)

सेबर आणि गॅलिलिओ या अशाच दुसऱ्या सिस्टिम. सेबरवर गावासाठी डब्ल्यू, तिरकी रेघ, आडवी रेघ, सीसी आणि नाव. उलट वाचायला डब्ल्यू, तिरकी रेघ, तारा आणि कोड. गॅलिलिओवर टिंब-सीई आणि नाव, उलट वाचायला टिंब-सीडी आणि कोड. एंट्री वेगळी, रीत तीच.

आता शहराचा कोड आणि विमानतळाचा कोड यांतला फरक. हा मी सावकाश समजावते, कारण याचा त्रास थेट प्रवाशाला होतो. एलओएन म्हणजे लंडन शहर. त्याच्या पोटात हीथ्रो एलएचआर, गॅटविक एलजीडब्ल्यू, स्टॅन्स्टेड एसटीएन, ल्यूटन एलटीएन, सिटी एलसीवाय असे विमानतळ. उपलब्धता बघताना एलओएन टाकलं तर सगळ्या विमानतळांची विमानं दिसतात, एलएचआर टाकलं तर फक्त हीथ्रोची. स्वस्त भाडं शोधताना शहराचा कोड उपयोगी पडतो. मात्र पुढचं विमान जोडायचं असेल तर उतरण्याच्या आणि पुढे सुटण्याच्या अशा दोन्ही विमानतळांचे कोड शेजारी ठेवून बघा. टोकियोत टीवायओ टाकून शोधलं आणि एक विमान नारिताला, एनआरटीला उतरतंय, दुसरं हानेदाहून, एचएनडीहून सुटतंय, तर मध्ये सामानासकट अख्खं शहर ओलांडायचं आहे. स्क्रीनवर ते फक्त तीन अक्षरांच्या फरकासारखं दिसतं.

कोडवरून नाव ओळखता येईल असं धरून चालू नका. शिकागोचा ओआरडी आला तिथल्या ऑर्चर्ड फील्ड या जुन्या नावावरून. ऑरलँडोचा एमसीओ मॅककॉय या हवाई तळावरून. टोरँटोचा वायवायझेड तर शहराच्या नावाबद्दल काहीच सांगत नाही. कॅनडातले बरेच कोड वायने सुरू होतात. सिडनी म्हटल्यावर ऑस्ट्रेलियाचं एसवायडी सुचतं, पण कॅनडात नोव्हा स्कोशियातही सिडनी आहे, त्याचा कोड वायक्यूवाय.

कधी प्रवासी चार अक्षरांचा कोड वाचून दाखवतो, उदाहरणार्थ ईजीएलएल. तो हीथ्रोचाच असतो, पण वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या वापरातला. आरक्षणात तीन अक्षरांचाच चालतो.

विमान कंपनीसाठी अमेडिअसवर डीएनए. पुढे नाव द्या, दोन अक्षरी कोड द्या किंवा तिकिटाच्या नंबरातले पहिले तीन आकडे द्या, तिन्ही चालतं. ही आकड्यांची सोय मला फार मोलाची वाटते. प्रवासी जुनं तिकीट घेऊन येतो, कंपनीचं नाव पुसट झालेलं असतं, पण नंबर २२० ने सुरू होतोय. डीएनए २२०, लुफ्तांसा. १७६ असेल तर एमिरेट्स. नावावरून शोधताना एक जोडी कायम लक्षात ठेवा: सीए म्हणजे एअर चायना, सीआय म्हणजे चायना एअरलाइन्स. पहिली बीजिंगची, दुसरी तैवानची, दोन पूर्णपणे वेगळ्या कंपन्या.

देशासाठी डीसी. पासपोर्टची माहिती भरताना ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांत गोंधळ होतो: एटी ऑस्ट्रिया, एयू ऑस्ट्रेलिया. स्वित्झर्लंड सीएच आहे आणि चीन सीएन. सीएच बघून चीन समजणारे मी पाहिलेत.

विमानाच्या प्रकारासाठी डीएनई. ७७डब्ल्यू म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर, ३८८ म्हणजे एअरबस ए३८०. तिथे टीआरएन दिसलं तर ते विमानच नाही, रेल्वे आहे. क्यूकेएलसारखा कोड आला की हमखास डीकोड करा. ते कोलोनचं मुख्य रेल्वे स्टेशन आहे आणि प्रवाशाला तिथे फलाटावर जायचंय.

फोनवर कोड सांगताना नुसती अक्षरं सांगू नका. एम आणि एन, बी आणि डी कानाला एकसारखी लागतात. प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द असतो, तो सांगा: एससीक्यूसाठी "सिएरा, चार्ली, क्यूबेक" म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

आणि तुम्हाला वीस वर्षांचा अनुभव असला तरी डीकोड करा, कारण कधी कोड तोच राहतो आणि जागा बदलते, तर कधी कोडच बदलतो. ६ एप्रिल २०१९ ला इस्तंबूलचा आयएसटी हा कोड अतातुर्क विमानतळावरून काढून नव्या विमानतळाला दिला गेला. अतातुर्कला आयएसएल मिळाला. शहराच्या आशियाई बाजूचा सबिहा गोक्चेन एसएडब्ल्यू होता, तो तसाच राहिला. पुढच्याच वर्षी बर्लिनचा टेगेल विमानतळ बंद झाला आणि टीएक्सएल इतिहासजमा झालं, आता बर्लिनसाठी बीईआर. कझाकस्तानच्या राजधानीचा टीएसई त्याच वर्षी एनक्यूझेड झाला. ज्यांनी हे तीन कोड जुन्या वहीत लिहून ठेवलेत, त्यांनी आजच ते पान खोडावं.