शून्य जुळले तरी वजन चुकते: बीम तराजूच्या बाबतीत या चुका टाळा

शाळेच्या प्रयोगशाळेतील तीन दांड्यांचा, ६१० ग्रॅमपर्यंत वजन करणारा बीम तराजू चुकीचे वजन दाखवू लागला की पहिला हात शून्याच्या स्क्रूकडे जातो, आणि पुढचा गोंधळ बहुधा तेथूनच सुरू होतो. काटा शून्यावर आणल्याने रिकामा तराजू समतोल आहे एवढेच कळते. म्हणून आधी रिकामे पारडे बोटाने हलके दाबून सोडावे, मग किंचित उचलून सोडावे, आणि दोन्ही वेळा काटा एकाच रेषेवर थांबतो का ते पाहावे. तो निरनिराळ्या जागी थांबत असेल तर दोष घर्षणाचा आहे. स्क्रू कितीही फिरवला तरी तो जाणार नाही.

दांडी ज्या सुरीसारख्या धारेवर तोलली जाते, तेथे गोव्यात चिऱ्याची बारीक लाल धूळ साचते आणि किनाऱ्याजवळ खारी हवा धातूला गंज आणते. पावसाळ्याच्या तोंडावर गंजाच्या भीतीने या धारेला शिलाई मशीनचे तेल लावणे हा उपाय नसून नवा बिघाड आहे, कारण तेल धूळ धरून ठेवते. कोरडा, मऊ ब्रश पुरेसा असतो. गंजलेली धार पॉलिश पेपरने घासू नये. तिचा आकार गेला की तराजू घरी दुरुस्त होण्यापलीकडे जातो.

सर्वांत फसवा दोष चुंबकाचा असतो. दांडीची झुलणी लवकर थांबावी म्हणून तिच्या टोकाचे धातूचे पाते चुंबकांच्या मधून फिरते. हा अडसर दांडी हलत असतानाच काम करतो, त्यामुळे स्थिर वजनावर त्याचा परिणाम होत नाही. मात्र त्याच टेबलावर चुंबकीय रेषांचा प्रयोग झाला असेल, तर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटून पात्याला घासू लागतो. तो कीस चिकटपट्टीने टिपून काढावा. फुंकर मारल्यास तो आणखी आत जातो. शिवाय लोखंडी वस्तू तोलताना चुंबक तिलाही ओढू शकतो. एक व दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तेव्हा तपासणीसाठी ती वापरणे बरे नव्हे.

पंखा बंद करावा आणि टेबल समतल आहे का ते पाणसळीने पाहावे, हे सांगायला नको. गरम मूस, म्हणजे पदार्थ तापवण्याचे छोटे भांडे, मात्र निवल्यावरच तोलावी, कारण तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेमुळे ती हलकी भासते. जून-जुलैच्या दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साइड उघड्या पारड्यात ठेवले, तर काटा हळूहळू सरकत राहतो. तो बिघाड तराजूचा नसून पदार्थ पाणी शोषत असतो.

एवढे झाल्यावरच प्रमाणित वजनांनी १०, १०० व ५०० ग्रॅमवर तपासणी करावी. चूक दांडीवरच्या एकाच खाचेवर येत असेल तर सरकवजन, म्हणजे दांडीवर सरकवायचे वजन, तेथे पूर्ण बसत नाही किंवा खाच झिजली आहे. एकाच दांडीवर वजनाबरोबर चूक वाढत जात असेल, तर तिचे सरकवजन टवका उडून हलके झाले आहे किंवा दुसऱ्या तराजूचे बसवले गेले आहे. स्क्रू टोकापर्यंत नेऊनही शून्य जुळत नसेल, तर आधी पारडे तपासावे. अनेक तराजू एकत्र धुऊन पुसले की पारड्यांची अदलाबदल सहज होते, म्हणून पारड्यावर आणि तराजूवर एकच क्रमांक रंगवून ठेवावा.