क्लिनिकल रिसर्चमध्ये येताय? थोडं सांगतो

बी.फार्म झालं तेव्हा रिसर्च म्हणजे पांढरा कोट, पिपेट आणि एसी लॅब, एवढंच डोक्यात होतं. काम लागलं ते नागपुरातल्या एका दवाखान्यात, सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार, लाल पेशी विळ्यासारख्या होतात) ट्रायलवर, म्हणजे पेशंटवरच्या औषधाच्या चाचणीवर, कोऑर्डिनेटर म्हणून. आई अजून शेजारच्या काकूंना सांगते, "पोरगा दवाखान्यात फायली सांभाळते." खोटं नाही ते.

जॉइन व्हायच्या आधी हायड्रॉक्सियुरियाची, म्हणजे सिकलसेलवरच्या औषधाची, गोष्ट नीट वाचून घ्या, इंटरव्ह्यूत कामी येते. हे रसायन १८६९ मधलं, नंतर कॅन्सरचं औषध झालं. सिकलवाल्या तान्ह्या बाळांना त्रास का होत नाही, तर त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ लाच मांडलं होतं. हे औषध ते हिमोग्लोबिन वाढवतं हे पेशंटमध्ये दिसायला १९८४ उजाडलं, २९९ मोठ्या माणसांवरची ट्रायल १९९५ ला छापून आली, अमेरिकेत सिकलसाठी मंजुरी १९९८ ला, आणि लहान मुलांसाठी थेट २०१७. आता क्रिस्परवालं, म्हणजे जीनमध्येच बदल करणारं, कॅसजेव्ही आलंय, तेही तेच हिमोग्लोबिन परत चालू करतं, फक्त किंमत २२ लाख डॉलर. आपल्या ओपीडीत काय बोलायचं त्यावर.

आता खरं काम. कन्सेंट फॉर्म, म्हणजे पेशंटचं संमतीपत्र, मराठीत होता म्हणे, पण रँडमायझेशनला त्यात "यादृच्छिकीकरण" लिहिलं होतं. मलाच तीनदा वाचावं लागलं. एका पोराची आजी सोबत आली होती, मी आपलं समजावतोय, कोणाला कोणती गोळी ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही, वगैरे, तर आजी म्हणे, "म्हणजे चिठ्ठी टाकता काय बाप्पा?" बस, तोच शब्द. पण फॉर्ममध्ये एक शब्द बदलायचा तर नवीन व्हर्जन एथिक्स कमिटीकडे जाते, मंजूर झाल्याशिवाय वापरता येत नाही, तोपर्यंत तोंडी चिठ्ठी आणि कागदावर यादृच्छिकीकरण.

जीसीपीचा (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल कशी चालवायची त्याचे नियम) कोर्स करून घ्या, ऑनलाइन होतो. सोर्स कागदावर, म्हणजे पेशंटच्या मूळ नोंदीवर, व्हाइटनर कधीच लावू नका, चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख. मी पहिल्या महिन्यात लावला होता, मॉनिटरनी (नोंदी तपासायला येणारा माणूस) सगळ्यांसमोर काढलं ते. पगार सुरुवातीला कमीच, त्यावर जास्त बोलत नाही.

आणि व्हिजिट चुकणं, सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात, आधी-नंतर तीन दिवसांची सूट, आणि पेशंट गडचिरोलीकडून एसटीनं येणार, एक दिवसाची मजुरी बुडवून. एक जण दोनदा आला नाही, मी फोनवर जरा चिडलोच, तर तिकडून म्हणे, "साहेब, धान कापून राहिलो ना." तेव्हापासून पुढची तारीख टाकायच्या आधी कापणी-रोवणी विचारून घेतो, आणि ते फायलीवर पेन्सिलनं लिहून ठेवतो, जे खरं तर चालत नाही.