“हे तुला कुठून कळलं?” – मिनेसोटात हिस्टरी डेचं परीक्षण करायला शिकताना

पुण्यात इतिहासात एम. ए. केलं आणि लग्न होऊन अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आले. इथे त्या पदवीचं काय करायचं, हे कितीतरी दिवस कळत नव्हतं. नोकरीसाठी कागदपत्रं नव्हती, मुलगी लहान होती. मग एका हिवाळ्यात तिच्या शाळेतून निरोप आला, की हिस्टरी डेच्या, म्हणजे शाळकरी मुलांच्या इतिहास-प्रकल्पांच्या स्पर्धेच्या, विभागीय फेरीसाठी परीक्षक हवे आहेत, स्वयंसेवक म्हणून कोणीही नाव द्यावं. मी दिलं. आज सहा वर्षं झाली, एकही हिवाळा चुकवलेला नाही. अलीकडे ओळखीतले बरेच जण विचारतात, की आम्हालाही करता येईल का, काय वाचून जावं लागतं? त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. नॅशनल हिस्टरी डे सुरू झाला १९७४ साली, ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये, एका विद्यापीठाच्या इतिहास विभागातून. आता दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं त्यात भाग घेतात. देशपातळीवरची संस्था दरवर्षीचं विषयसूत्र आणि नियम ठरवते, पण प्रत्यक्ष उपक्रम चालवायचं काम बहुतेक ठिकाणी त्या त्या राज्यातली एखादी संस्था करते. आमच्याकडे ती मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी. हिची स्थापना १८४९ची. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळाला १८५८ साली, म्हणजे राज्य व्हायच्या नऊ वर्षं आधी इथल्या लोकांनी आपले कागद जपायला संस्था काढली. मला हे कळलं तेव्हा भारत इतिहास संशोधक मंडळाची आठवण झाली. १९१० साली राजवाडे-मेहेंदळ्यांनी पुण्यात मंडळ उभं केलं, तेही कागद जपायचे याच ध्यासातून.

वर्षाचं चक्र साधारण असं: शाळा सुरू झाली की मुलं विषय निवडतात, हिवाळाभर वाचन करतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागीय फेऱ्या, वसंतात राज्याची फेरी, आणि प्रत्येक प्रकारातले पहिले दोन जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या राष्ट्रीय फेरीला. सहावी ते आठवी कनिष्ठ गट, नववी ते बारावी वरिष्ठ. प्रकार पाच: निबंध, प्रदर्शन-फलक, माहितीपट, नाट्यप्रयोग, वेबसाइट. निबंध एकट्यानेच लिहायचा, बाकीचं एकट्याने किंवा गटाने. नियम पाठ करून जायची गरज नाही, त्या दिवशी सकाळी सगळं समजावून सांगतात. फक्त एक आकडा लक्षात असू द्या. फलकावर मुलांचे स्वतःचे शब्द जास्तीत जास्त ५००. सहा महिने वाचलेलं ५०० शब्दांत बसवायचं म्हणजे काय होतं, ते टेबलापाशी उभं राहिल्यावर दिसतं. उरलेलं सगळं त्या मुलाच्या डोक्यात असतं. तुमचे प्रश्न ते बाहेर काढण्यासाठी.

परीक्षक दोघं-तिघं मिळून बसतात. इतिहासाची पदवी लागत नाही. माझ्याबरोबर निवृत्त ग्रंथपाल होत्या, एकदा एक परिचारिका होती, एकदा एक गृहस्थ रेल्वेच्या इतिहासाचे जबरदस्त अभ्यासक. गुणांची बेरीज करायची नसते. प्रत्येकाने पाहायचं, वाचायचं, मग चर्चा करून क्रम ठरवायचा. निकषात ८० टक्के वजन ऐतिहासिक गुणवत्तेला आणि २० टक्के मांडणीच्या स्पष्टतेला. आपल्याकडच्या शाळेतल्या प्रदर्शनांची सवय असलेल्या डोळ्याला हे सुरुवातीला जड जातं, कारण सुंदर अक्षर आणि चकचकीत कागद पटकन नजरेत भरतात. ते बाजूला ठेवून विचारायचं असतं: या मुलाचं म्हणणं काय आहे, ते कशावरून, आणि दुसऱ्या बाजूचं कोणी ऐकलंय का?

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली ती मुलाखतीत. प्रत्येक प्रकल्पाला मोजकी मिनिटं असतात. एका मुलीचा फलक गिरणी कामगारांवर होता, आणि मी तिला मुंबईच्या गिरण्यांबद्दल सांगत सुटले. ती मान डोलवत ऐकत राहिली. वेळ संपली. तिने काय शोधलं होतं ते मी ऐकलंच नाही. घरी येताना गाडीत मला फार वाईट वाटलं. वर्षभर काम केलेल्या मुलीला बोलायला तेवढीच मिनिटं मिळणार होती, आणि ती मी खाऊन टाकली. तेव्हापासून एक प्रश्न कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवते: “हे तुला कुठून कळलं?” विचारायचं आणि गप्प बसायचं. मूल दहा सेकंद बोललं नाही तरी थांबायचं.

या प्रश्नाने काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. सातवीतल्या दोन मुलांचा फलक सेंट पॉलमधल्या राँडो या वस्तीवर होता. काळ्या लोकांची जुनी, भरभराटीची वस्ती. १९५०-६०च्या दशकांत आय-९४ हा महामार्ग तिच्या मधून काढला आणि शेकडो कुटुंबांची घरं गेली. मुलांनी जुना नकाशा चिकटवला होता आणि त्यावर ट्रेसिंग पेपर, ज्यावर आजचा महामार्ग. कागद खाली सोडला की गल्ल्या झाकल्या जायच्या. मांडणी छानच होती. मी एका घरावर बोट ठेवून विचारलं, हे कोणाचं? मला वाटलं, सांगता येणार नाही. धाकट्या चणीच्या मुलाने फाइल उघडली. हिस्टॉरिकल सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन त्यांनी जुन्या सिटी डिरेक्टऱ्या पाहिल्या होत्या. त्यात रस्त्याच्या क्रमाने घरनंबर आणि राहणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. त्याने त्या रस्त्याची यादी हाताने उतरवून काढली होती, आणि शेजारच्या रकान्यात नंतरच्या वर्षाची. दुसऱ्या रकान्यात नंबरच नव्हते. “इथे लोक गेले हे सगळे सांगतात, पण आम्हाला नावं हवी होती,” असं तो म्हणाला. मग माझ्या जोडीदाराने विचारलं, महामार्ग आखणाऱ्यांना दुसरा रस्ता नव्हता का? तर मोठा मुलगा लगेच जॉर्ज हेरॉल्डबद्दल बोलायला लागला. शहराच्याच नियोजन खात्यातला हा अभियंता. त्याने रेल्वेच्या रुळांजवळून जाणारा उत्तरेकडचा मार्ग सुचवला होता, तो मानला गेला नाही. म्हणजे ‘सरकार’ नावाचा एकच माणूस नव्हता, आतही मतभेद होते, हे तेरा वर्षांच्या मुलाला कळलं होतं. यातलं निम्मं फलकावर नव्हतं. न विचारता पुढे गेलो असतो तर कळलंच नसतं.

आता शेऱ्यांबद्दल. हे काम दिसायला किरकोळ, पण मुलं घरी नेतात तो हाच कागद. बहुतेकांचा प्रवास विभागीय फेरीतच संपतो, त्यांना पदक मिळत नाही, शेरे मिळतात. ‘छान प्रयत्न’ लिहिणं म्हणजे मुलाने केलेलं काम पाहिलंच नाही असं सांगणं. मी दोन गोष्टी नेमक्या लिहिते: एक, कुठला पुरावा सगळ्यात चांगला वापरला. दोन, पुढच्या फेरीपर्यंत किंवा पुढच्या वर्षी नेमकं काय शोधता येईल. ‘आणखी संशोधन करा’ यातून मुलाला काहीच हाती लागत नाही. ‘त्या काळच्या वर्तमानपत्रात या बैठकीची बातमी शोधा’ यातून लागतं. माहिती ऐकीव असेल, तारीख चुकली असेल, तर तसं सरळ लिहा, पण बाराव्या वर्षी तुम्हाला ते कोणी कसं सांगितलेलं आवडलं असतं, ते आठवून लिहा.

आपल्या मराठी घरांतली मुलं अलीकडे भारतातले विषय घेतात. मला याचा मनापासून आनंद आहे. इथेच एक अडचण वारंवार येते, घरच्यांच्या आठवणी पुरावा म्हणून कशा वापरायच्या, म्हणून जरा थांबते. २०२५ सालचं सूत्र होतं हक्क आणि जबाबदाऱ्या. आमच्या ओळखीतल्या आठवीतल्या मुलीने पानशेतचा पूर घेतला. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण अजून पुरतं बांधून झालेलं नसताना पाणी का साठवलं आणि जबाबदारी कोणाची, हा तिचा प्रश्न होता. तिची आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची, दहा वर्षांची होती. मुलीने मला फोन करून विचारलं, “काकू, आजी प्रायमरी सोर्स आहे ना?”

प्रायमरी सोर्स म्हणजे प्राथमिक साधन, त्या काळातलं किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं. मी म्हटलं, आजीला विचार, तिने काय पाहिलं आणि काय ऐकलं. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल झाला, मीही बसले होते. आजी भरभरून सांगत होत्या. वाड्याच्या चौकात पाणी शिरलं, आईने परातीत मळलेली कणीक तशीच ठेवून धाकट्याला कडेवर घेतलं, सगळे पर्वतीकडे निघाले. मग म्हणाल्या, लकडी पूल पाण्याखाली गेला. नातीने वहीतून मान वर केली आणि विचारलं, “आजी, तू पाहिलास?” आजी थांबल्या. “नाही गं. आमचे भाऊ गेले होते तिकडे, ते सांगायचे.” मग दोघींनी मिळून सगळं पुन्हा लावलं. कणीक, चौक, चिखलाचा वास, नंतर भिंतीवर उरलेली पाण्याची रेघ – हे पाहिलेलं. पूल, धरण कसं फुटलं, मातीच्या पोत्यांची भिंत – हे ऐकलेलं. संदर्भसूचीत प्रत्येक साधनाखाली ते कशासाठी वापरलं याचं टिपण लिहावं लागतं. तिने आजीच्या मुलाखतीखाली लिहिलं, की घरातल्या आणि स्थलांतराच्या अनुभवासाठी हे प्राथमिक साधन म्हणून वापरलं, धरणाच्या कारणांसाठी वापरलं नाही, त्यासाठी वर्तमानपत्रं पाहिली. मी पुण्यात दोन वर्षं पुराभिलेखागारात बसले होते, पण साक्षीदार आणि सांगोवांगी यांतला फरक इतका स्वच्छ मला त्या वयात कोणी दाखवला नव्हता. आजींनाही तो आवडला असावा. पुढच्या कॉलला त्या स्वतःच म्हणायच्या, “हे पाहिलेलं हं.”

मराठी साधनं चालतात. मुलाने स्वतः भाषांतर केलं की कोणी मदत केली, ते लिहायचं, एवढंच. पालकांनी मात्र फलक स्वतः लिहून देऊ नये. निकषांत मुलाचा स्वतःचा आवाज हा एक मुद्दा असतो, आणि पहिल्याच प्रश्नाला कोणाचे शब्द आहेत ते समजतं.

पानशेतचा विषय घेतलेल्या मुलीला मी मदत केली होती, म्हणून त्या वर्षी तिच्या गटाचं परीक्षण मी घेतलं नाही. ओळखीचं मूल, शाळा, नातेवाईक असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, आयोजक तुम्हाला दुसऱ्या खोलीत टाकतात. आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. एच-४ (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असाल तर काम बिनपगारी असलं तरी आधी विचारून घ्या. विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारावं. पहिल्या वर्षी विभागीय फेरीच निवडा, तीही कनिष्ठ गटाचे फलक, कारण निबंध आणि वेबसाइटी घरी आधी वाचाव्या लागतात. जेवणाचा डबा न्या. बर्फाचे बूट गाडीत ठेवून आत साधे बूट घाला, दिवसभर उभं राहायचं असतं.

पुढे यातून नोकरी लागते का, असं विचारतात. थेट नाही. पण लोक ओळखायला लागतात. मिनेसोटात ८७ काउंट्या आहेत आणि जिल्हापातळीवरच्या छोट्या इतिहास संस्था जागोजागी आहेत, त्यांना फोटो ओळखायला, कागदांची सूची करायला माणसं सतत लागतात. मला वर्क परमिट मिळाल्यावर अशाच एका ठिकाणी आठवड्यातून दोन दिवसांचं काम मिळालं. मुलाखतीत विचारलं होतं, इथल्या इतिहासाचा काय अनुभव? मी डिरेक्टरीतली ती दोन रकान्यांची यादी सांगितली. त्यांनी एक खोका पुढे ठेवला, नाव-गाव नसलेल्या फोटोंचा, आणि म्हणाले, सोमवारपासून या.