स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, पण चित्र काळं: माझा अनुभव

प्रवासात नेट नसतं, म्हणून स्ट्रीमिंग ॲपवरचा ४५ मिनिटांचा भाग अँड्रॉइड फोनवर रेकॉर्ड केला. आवाज स्पष्ट, सबटायटल्सही दिसत होती, मागे मात्र निव्वळ काळा पडदा. दुसरं रेकॉर्डर ॲप, कमी रिझोल्यूशन, फोन रीस्टार्ट. काहीच फरक नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्या, फार चिडचिड झाली.

हा फोनचा दोष नाही. असे व्हिडिओ डीआरएमने (कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाने) संरक्षित असतात आणि सिस्टीम ते चित्र रेकॉर्डरला देतच नाही. शिवाय रेकॉर्डिंगला भागाइतकाच वेळ जातो.

शेवटी ॲपमधलंच डाउनलोड वापरलं. क्रम असा:

आधी फोनमध्ये जागा मोकळी केली. ॲपच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची क्वालिटी 'स्टँडर्ड' ठेवली, छोट्या स्क्रीनला ती पुरते. बॅटरी सेव्हर बंद केला, कारण तो चालू असताना डाउनलोड अर्ध्यावर थांबत होतं. मग वाय-फायवर भाग उतरवला. निघण्याआधी एअरप्लेन मोड लावून सुरुवातीची दहा सेकंदं चालवून पाहिली.

ही तपासणी निघायच्या दिवशीच करा. डाउनलोड केलेले काही भाग पाहण्याची ४८ तासांची मुदत पहिल्यांदा प्ले केल्यापासून सुरू होते.