चार्ल्स टेलर, पण कोणते?

राइट बंधूंवर मुलांच्या प्रकल्पासाठी माहिती जमवताना ‘चार्ल्स टेलर’ एवढंच टाकून शोधू नका. लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष समोर येतील, ज्यांना सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांना मदत केल्याबद्दल २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. याच नावाचे अमेरिकेचे एक खासदारही होऊन गेले.

आपल्याला हवे आहेत ते अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या, राइट बंधूंच्या सायकल दुकानातले मेकॅनिक. १९०३ मध्ये त्यांनी साध्या कच्च्या रेखाटनांवरून सुमारे सहा आठवड्यांत राइट बंधूंच्या विमानाचं इंजिन घडवलं. वजन कमी राहावं म्हणून त्याचा मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतला. बारा अश्वशक्तीच्या या इंजिनाशिवाय ते विमान उडालंच नसतं. असा माणूस नावाच्या गर्दीत हरवावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून नावापुढे जन्मवर्ष आणि काम जोडा: ‘चार्ल्स टेलर १८६८ राइट मेकॅनिक’. मधलं अक्षरही कामाला येतं. मेकॅनिक ‘चार्ल्स ई.’, तर नॉर्थ कॅरोलायनाचे खासदार ‘चार्ल्स एच.’. विकिपीडियावर निःसंदिग्धीकरणाचं पान असेल तर आधी तेच उघडा, एका नावाची सगळी माणसं तिथे ओळीने सापडतात.

सर्वात जास्त चूक फोटोत होते. मजकूर मेकॅनिकचा आणि वर चित्र राष्ट्राध्यक्षांचं, असं सहज घडतं. फोटो चिकटवण्याआधी तो ज्या पानावरचा आहे ते पान उघडून साल वाचा. आपले टेलर १९५६ मध्ये वारले, त्यामुळे त्यानंतर काढलेला फोटो त्यांचा असूच शकत नाही.