त्सुकिजीला निघण्याआधी

टोकियोच्या त्सुकिजी बाजारात खायला जायचं मनात असेल, तर विमानाचं तिकीट काढायच्याही आधी बाजाराच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडा. रविवारी बंद असतो हे कुणीही सांगतं. सरकारी सुट्टीला बंद, हेही ओघानं कळतं. पण बरेचसे बुधवारही बंद असतात, आणि त्यांना ठरलेला क्रम नाही. हा बुधवार चालू, पुढचा बंद. मी नेमकी तशाच बुधवारी जाऊन पोचले. गल्लीच्या गल्ली शटरं खाली, मधेच पर्यटकांसाठी उघडलेली थोडी दुकानं, त्यांच्यापुढे न हलणाऱ्या रांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्योतोची गाडी होती, म्हणजे बाजार हुकलाच. तेव्हा कॅलेंडर बघा. टोकियोतल्याच तोयोसूच्या घाऊक बाजाराचं वर्षभराचं वेळापत्रक टोकियोचं महानगर सरकार आधीच जाहीर करतं. माल तिथून येतो, म्हणून त्सुकिजीतली बहुतेक जुनी दुकानंही त्याच सुट्ट्या पाळतात.

तोयोसू की त्सुकिजी, हेही घरूनच ठरवून निघा. 1923च्या भूकंपात निहोनबाशीचा जुना मासळीबाजार गेला, त्याच्या जागी 1935 साली त्सुकिजीचा बाजार सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2018मध्ये घाऊक व्यवहार तोयोसूला हलले. त्सुकिजीत उरला तो बाहेरचा बाजार: अरुंद गल्ल्या आणि त्यांतली शेकडो दुकानं. खाणं आहे, बघणं आहे, विकत घेणं आहे ते इथे. तोयोसूचा ट्यूनाचा लिलाव जवळून बघायचा तर आधी अर्ज करावा लागतो, सोडतीत नाव लागावं लागतं, आणि उजाडायच्या आत पोचावं लागतं. ती वेगळी सहल आहे. आणि त्या सहलीलाही कॅलेंडर तेच.

वेळ सकाळचीच. मात्र नऊच्या आत तिथे हॉटेलवाले, सुशीवाले आपला माल उचलत असतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नये. दोनपर्यंत बाजार आवरायला लागतो. म्हणून नऊला पोचा, उपाशी पोटी. हॉटेलातल्या नाश्त्याचे पैसे भरले असले तरी तो सोडा. हिबिया लाईनचं त्सुकिजी स्टेशन किंवा ओएदो लाईनचं त्सुकिजी-शिजो, दोन्ही जवळ आहेत.

रोख येन हवेत, सुटे हवेत. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं धरू नका. त्याच पदार्थाला बांधून नेलात तर 8 टक्के कर आणि बसून खाल्लात तर 10, त्यामुळे पाटीवर दोन किमती दिसल्या तर गोंधळू नका. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. त्या गल्ल्यांतून ट्रॉली ओढणं हा दुकानदारांवर अन्याय आहे. आणि चालता चालता खायचं नाही. घेतलं त्या दुकानापुढेच उभं राहून खायचं, काडी-कागद त्याच दुकानात परत द्यायचा. हे नियम प्रेमानं पाळावेत असेच आहेत.

शाकाहारी असाल तर आणखी एक तयारी. तामागोयाकी, म्हणजे अंड्याचं जपानी ऑम्लेट, गोडसर आणि गरम असतं, बघूनच हात पुढे जातो. पण त्यात बहुतेक ठिकाणी माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतं. नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या शिजवणीतही तेच. ‘मासे आणि माशाचं दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. तरी उपाशी राहणार नाही: नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे, भाजलेला चहा, सुकी शिताके अळंबी, घेवड्याचे नाना प्रकार, हंगामातली फळं आहेत.

मासे खाणाऱ्यांना यादीची गरज नाही. पण सुशीच्या रांगेत सगळी सकाळ घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती. कात्सुओबुशीच्या दुकानापुढे थांबा. आपल्याकडच्या कुप्प्याच्या कुळातला हा मासा. उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन, उत्तम प्रतीच्या मालावर बुरशी चढवून इतका कडक करतात की ठोकला तर लाकडासारखा वाजतो. मग रंध्यावर त्याचे पारदर्शक पापुद्रे काढतात. तो धुरकट वास गल्लीच्या तोंडापाशीच येतो, आणि सुकटीच्या वासावर वाढलेल्या माणसाचे पाय तिथे आपोआप थबकतात. पुढे कोंबूचं दुकान: होक्काइदोच्या समुद्रातलं शेवाळ, रिशिरीचं वेगळं, राउसूचं वेगळं, हिदाकाचं वेगळं. फरक विचारा, दुकानदार खुलतात. ताज्या वासाबीचं मूळ बघा, ते शार्कच्या कातडीच्या किसणीवर किसतात. कडेला नामियोके इनारीचं देऊळ आहे. तिथे कोळंबी, अंडं, सुशी यांच्यासाठी उभारलेले दगड आहेत. ज्यांच्यावर बाजार जगला त्यांच्याबद्दलची ही कृतज्ञता बघून मला फार भरून आलं. तिथे पाच मिनिटं द्याच.

हॉटेलची तारीख पक्की करण्याआधी पुन्हा एकदा कॅलेंडर. नववर्ष, ऑगस्टच्या मध्यातला पितरांचा सण ओबोन, एप्रिलअखेरचा सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक, सगळं तपासा. टोकियोत तीनच दिवस असतील तर बाजार पहिल्या सकाळी ठेवा, शेवटच्या नको. काही बिनसलं तर हातात दुसरी सकाळ उरते. सोबतीनं ‘बुधवारी काय बंद असणार’ म्हटलं तरी ऐकू नका. बघा म्हणजे बघा.

छत्री, आरामाचे बूट, ओला रुमाल. हे सांगायला नको.

परतीचं थोडक्यात. सुरी घेतलीत तर ती चेक-इन सामानातच. सोया सॉस आणि मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) हेही तिथेच, हातातल्या बॅगेत अडवतात. ताजं काही घेऊ नका. कोंबू आणि चहा हलके, टिकाऊ, कुठेही मावतात. ते मात्र भरपूर घ्या.